समुद्र नाही? नो टेन्शन, बुलढाण्याकडे खारा किनारा आहे!

बीच, नाइटलाइफ आणि चमचमीत खाणं म्हटलं की गाडी थेट गोव्याकडे वळते. जरा ब्रेक मारा! बुलढाणा जिल्ह्यातून समुद्र लांब आहे, पण या तिन्ही गोष्टी इथंही आहेत. फक्त व्हर्जन वेगळं.

आधी किनारा. माहीत आहे का, लोणार सरोवराचा किनारा लाटांनी नव्हे, एका उल्केनं घडवला? वरून धडक बसली आणि काळ्या बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर तयार झालं. चंद्रावरच्या काळपट मैदानांतही बेसॉल्टच आहे, म्हणून चंद्रावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. रॉकेटचं तिकीट वाचलं की!

आणि वय? आधीचा अंदाज सुमारे ५० हजार वर्षं. नंतरच्या मोजणीत आकडा निघाला ५ लाख ७० हजार! इतकं वय लपवणं सिनेतारकांनाही जमलेलं नाही.

पाणी नुसतं खारट नाही, जबरदस्त अल्कधर्मीही आहे. सामू १० च्या घरात. समुद्राचा ८ च्या आसपास. माशांना इथं जगणं कठीण, पण खारप्रेमी सूक्ष्मजीवांची चंगळ. जून २०२० मध्ये याच मंडळींनी अख्खं सरोवर गुलाबी करून टाकलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि रंगारी सापडले: हॅलोआर्किया!

गंमत पुढेच आहे. याच खाऱ्या सरोवराच्या विवराच्या काठावर ‘धार’ नावाचा गोड्या पाण्याचा झरा वाहतो. डुंबायचा मोह मात्र आवरा. हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. असा ऐवज जपायचाच असतो.

आता नाइटलाइफ! माहीत आहे का, ‘वॉकर’ नावाचा वाघ यवतमाळच्या टिपेश्वरहून निघून महाराष्ट्र-तेलंगणातल्या शेता-रानांतून भटकत २०१९ च्या अखेरीस थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल झाला? एकूण भटकंती ३ हजार किलोमीटरच्या वर, बहुतेक अंधारातच. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा रूट कळला. नाहीतर एवढा मोठा पाहुणा कुठून आला, हे कुणाला कळलं असतं?

दुसरी रात्र अक्षय तृतीयेची. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती धान्यं, मध्ये पाण्याची घागर, पापड, कुरडई. रात्री तिकडे कुणी फिरकायचं नाही! पहाटे धान्य किती सरकलं ते पाहून पाऊसपाण्याचं भाकीत. हे विज्ञान नव्हे, शेकडो वर्षांची परंपरा आहे. पण ऐकायला शेतकऱ्यांची गर्दी होतेच.

भूक लागली? थंडीत शेतात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात. तुपात बुडवलेला रोडगा, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. रूफटॉप रेस्टॉरंटला एवढं मोठं रूफ कुठून मिळणार?

आणि शेगाव कचोरी! फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास ती शेगाव स्टेशनवर सुरू केली. आत मूगडाळीचं सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. चटणीची गरजच नाही. पार्सल घेताना डबल घ्या, पहिलं पाकीट अकोला यायच्या आधीच संपतं!