अभिजात स्पोर्ट्स मोटारींचे कन्व्हर्टिबल रूपांतर

अभिजात स्पोर्ट्स मोटारींचे कन्व्हर्टिबल रूपांतर म्हणजे मुळात पक्क्या टपासह तयार झालेल्या जुन्या स्पोर्ट्स मोटारीचा टप कापून तिला घडीच्या कापडी टपाच्या, उघड्या मोटारीचे रूप देणे होय. मोटार कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर, बहुधा मालकाच्या मागणीवरून, स्वतंत्र बॉडी बांधणारे कारागीर हे काम करतात. अशा मोटारी संख्येने फार थोड्या असतात. काही तर एकुलत्या एक असतात. तरीही केवळ दुर्मिळतेमुळे त्यांचे मूल्य वाढत नाही. टप कोणी कापला, केव्हा कापला, मूळ उत्पादकाची त्यास संमती होती का आणि त्या कामाची लेखी नोंद उपलब्ध आहे का, यांवर ते ठरते. भारतात यात कायद्याची भर पडते, कारण येथे जुन्या मोटारीला मिळणारा ‘विंटेज’ दर्जा तिच्या मूळ स्वरूपाशी जोडलेला आहे.

संज्ञा

पक्का टप व दोन दरवाजे असलेल्या मोटारीस कूपे, तर टप उघडता किंवा काढता येणाऱ्या मोटारीस कन्व्हर्टिबल म्हणतात. इटालियन कंपन्या आपल्या उघड्या स्पोर्ट्स मोटारींसाठी ‘स्पायडर’ हे नाव वापरतात. उघड्या मोटारींचे मूल्याच्या दृष्टीने चार प्रकार पडतात :

१. उत्पादकाने स्वतःच उघडी म्हणून तयार केलेली मोटार.
२. उत्पादकाच्या संमतीने बाहेरील कारखान्याने रूपांतरित केलेली मोटार.
३. मालकाच्या इच्छेनुसार खाजगी कारागिराने कापलेली मोटार.
४. दुसऱ्याच मोटारीच्या सांगाड्यावर नवी बॉडी चढवून केलेली प्रतिकृती.

हे चारही प्रकार दुरून सारखेच दिसू शकतात. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘मायामी व्हाइस’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील काळी ‘फेरारी’ प्रत्यक्षात शेव्हरोले कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर उभारलेली प्रतिकृती होती.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अनेक महागड्या मोटारींचे इंजिन व चॅसी एक कंपनी तयार करीत असे आणि बॉडी दुसरा कारखाना ग्राहकाच्या पसंतीप्रमाणे बांधून देत असे. त्या काळात उघडी किंवा बंद बॉडी ही खरेदीच्या वेळची निवड होती. तिला रूपांतर म्हणण्याचे कारण नव्हते. चॅसी व बॉडी एकसंध घडवण्याची पद्धत रूढ झाल्यावर ही निवड ग्राहकाच्या हातून गेली.

१९७० च्या दशकात अमेरिकेत मोटार उलटल्यास होणाऱ्या इजांविषयी कडक नियम येतील, अशी उत्पादकांना धास्ती होती. मागणीही घटली होती. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ही ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ म्हणून विकली गेली. कंपन्यांनी रिकामी केलेली ही जागा कॅलिफोर्नियातील रिचर्ड स्ट्रेमन यांच्यासारख्या रूपांतरकारांनी भरून काढली. १९८२ मध्ये क्रायस्लरने कन्व्हर्टिबल पुन्हा बाजारात आणली व त्यानंतर इतर कंपन्याही या क्षेत्रात परतल्या. त्यामुळे आज लिलावांत दिसणाऱ्या अनेक कापीव मोटारींचे रूपांतर १९७० व १९८० च्या दशकांतील आहे.

तांत्रिक बाजू

एकसंध बॉडीच्या मोटारीत टप हा केवळ आडोसा नसतो. पुढील काचेची चौकट, दारांमागील खांब, टप आणि तळ मिळून एक पेटी तयार होते व वळणावर किंवा खड्ड्यात येणारा पीळ ती पेटी सहन करते. टप काढल्यास झाकण काढलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याप्रमाणे बॉडी पिळवटू लागते. त्यामुळे पुढील काच व डॅशबोर्ड थरथरतात, दारांच्या फटी कमीजास्त होतात आणि कालांतराने जोडांवर भेगा पडतात.

हे टाळण्यासाठी दारांखालील पट्ट्यांत पोलाद भरणे, तळाला आडवे पट्टे जोडणे आणि काचेची चौकट मजबूत करणे आवश्यक असते. या कामामुळे वजन वाढते. टप काढल्याने मोटार हलकी होते हा समज म्हणूनच बहुधा चुकीचा ठरतो. ज्या मोटारींना नळ्यांचा किंवा शिडीसारखा स्वतंत्र सांगाडा असतो, त्यांत पिळाचा बराच भार सांगाडा घेतो. त्यामुळे त्यांचे रूपांतर तुलनेने सोपे असते.

मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेली फियाट ११०० ही स्पोर्ट्स मोटार नसली, तरी एकसंध बॉडीचे ते मराठी वाचकाच्या ओळखीचे उदाहरण आहे. तिचा टप केवळ कापून टाकल्यास वरील सर्व दोष तिच्यातही उद्भवतात.

मूल्य ठरवणारे घटक

संग्राहकांच्या बाजारात रूपांतरित मोटारीचे मूल्य ठरवताना पुढील बाबी पाहिल्या जातात :

• मूळ उत्पादकाची संमती किंवा सहभाग.
• रूपांतर करणाऱ्याचा लौकिक व कामाचा काळ. मोटार नवी असताना झालेले काम तिच्या इतिहासाचा भाग मानले जाते. अलीकडचे काम बहुधा फेरफार समजले जाते.
• बिले, छायाचित्रे, पत्रव्यवहार व सलग मालकीची कागदपत्रे.
• मजबुतीकरणाचा दर्जा.
• मोटार पुन्हा मूळ रूपात आणता येईल का आणि कापलेले भाग जपलेले आहेत का.
• मूळ कूपेची स्वतःची किंमत.

यांतील शेवटचा घटक काळानुसार बदलतो. कूपे स्वस्त असताना टप कापणे मालकाला फायद्याचे वाटते. पुढे मूळ अवस्थेतील कूपेचे भाव चढले की तेच काम नुकसानीचे ठरते.

प्रमुख उदाहरणे

फेरारी डेटोना

१९६८ मध्ये सादर झालेली फेरारी ३६५ जीटीबी/४ ही मोटार ‘डेटोना’ या नावाने ओळखली जाते. कंपनीने तिच्या सुमारे १,२८० कूपे तयार केल्या, तर कारखान्यातून निघालेल्या स्पायडर केवळ १२२ होत्या. या तफावतीमुळे अनेक कूपेंचे टप कापले गेले. अस्सल स्पायडरला कूपेच्या कितीतरी पट भाव मिळतो. कापलेली मोटार मात्र दिसायला तशीच असूनही त्या भावाच्या जवळ जात नाही. तिची किंमत कूपेच्या आसपास राहते. अस्सल स्पायडरची ओळख चॅसी क्रमांक व कारखान्याच्या नोंदींवरून पटवली जाते.

फेरारी २७५

टप कापण्याचे एकच काम किती भिन्न मूल्य धारण करू शकते, याचे हे सर्वात बोलके उदाहरण आहे. ‘नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम’चे संस्थापक व फेरारीचे अमेरिकेतील आयातदार लुइजी किनेत्ती यांच्या आग्रहावरून २७५ जीटीबी/४ या कूपेवर आधारित १० स्पायडर तयार झाल्या. त्यांची बॉडी फेरारीसाठी नियमित काम करणाऱ्या स्कालियेत्ती यांच्या कारखान्यात बांधली गेली. त्यांपैकी एक ऑगस्ट २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील लिलावात २ कोटी ७५ लाख अमेरिकन डॉलरना विकली गेली.

याच प्रकारची १९६७ ची एक कूपे अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांच्या मालकीची होती. पुढील काळातील एका मालकाने तिचा टप कापून तिला त्या १० मोटारींसारखे रूप दिले. त्यानंतरच्या मालकाने मात्र मोठा खर्च करून, फेरारीच्या जुन्या मोटारींसाठी असलेल्या ‘क्लासिके’ विभागाकडून तिला पुन्हा कूपेचे रूप दिले. ऑगस्ट २०१४ मध्ये मॉन्टेरे येथेच ती १ कोटी १ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली. या किमतीत मॅक्वीन यांच्या नावाचा वाटा मोठा असला, तरी ती मिळण्यापूर्वी मोटारीचा टप परत बसवावा लागला, ही बाब लक्षणीय आहे.

जॅग्वार एक्सजे-एस

१९७५ मध्ये आलेली ही मोटार प्रारंभी केवळ कूपे स्वरूपात मिळत असे. १९८६ ते १९८८ या काळात अमेरिकेतील ओहायो राज्यातील हेस अँड आयझेनहार्ट या कंपनीने जॅग्वारच्या संमतीने तिच्या कन्व्हर्टिबल तयार केल्या व त्या जॅग्वारच्या विक्रेत्यांमार्फत विकल्या गेल्या. १९८८ मध्ये जॅग्वारने स्वतःची कन्व्हर्टिबल आणल्यावर हे काम थांबले. या मोटारी दुसऱ्या प्रकारात मोडतात व त्यांची ओळख स्वतंत्रपणे टिकून आहे.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. अपंग व्यक्तींसाठीचे अनुकूलन व इंधनप्रकारातील बदल यांसारखे मर्यादित अपवाद आहेत. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ ग्राह्य धरला. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम १८२-अ नुसार अवैध फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वाहनाच्या नमुन्याची तपासणी करून मान्यता देण्याचे काम केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ अन्वये ठराविक संस्थांकडे आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक होय. ही मान्यता उत्पादकाच्या नमुन्याला मिळते; मालकाने नंतर टप कापलेली मोटार त्या नमुन्याशी जुळत नाही.

विंटेज दर्जा

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने विंटेज मानली जातात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, तर पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे वैध असते. क्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. म्हणजे महाराष्ट्रातील अशा वाहनाचा क्रमांक ‘एमएच व्हीए’ असा सुरू होतो. हे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज फेरी, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते.

या व्याख्येमुळे मुळातच उघडी असलेली जुनी मोटार विंटेज ठरू शकते, परंतु नंतर कापलेली कूपे, कितीही दुर्मिळ असली तरी, या व्याख्येत बसणे कठीण असते. परदेशात जी मोटार केवळ कमी भावाची ठरते, तिच्या नोंदणीलाच भारतात अडथळा येऊ शकतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

राज्यातील जुन्या मोटारींचे मोल प्रामुख्याने मूळ स्वरूप व सलग इतिहास यांवर उभे आहे. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसऱ्याच्या शाही सोहळ्यात दसरा चौकात आणली जाते. ती एकाच घराण्याकडे राहिली व लोकांसमोर वापरात राहिली, हेच तिच्या महत्त्वाचे कारण आहे. एखाद्या कापीव मोटारीला नेमकी हीच अखंडता नसते.

खरेदीपूर्वी घ्यावयाची काळजी

बारामतीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी असो वा मुंबईत, अशी मोटार घेणाऱ्याने प्रथम नोंदणी पुस्तिकेतील बॉडीचा प्रकार प्रत्यक्ष मोटारीशी ताडून पाहणे आवश्यक असते. चॅसी व इंजिन क्रमांक उत्पादकाच्या नोंदींशी जुळवावेत. मोटार एका बाजूने जॅकवर उचलली असता दार सहज उघडते व मिटते का, हे पाहिल्यास मजबुतीकरणाचा प्राथमिक अंदाज येतो. दारांखालील पट्ट्या व काचेच्या चौकटीचे जोड तपासून गंज व भेगा शोधाव्यात. विक्रेता ‘जगात एकच’ असे सांगत असल्यास, ती कोणी, केव्हा व कोणाच्या संमतीने तशी केली, याचा कागदोपत्री पुरावा मागावा. तो नसल्यास तिची किंमत स्पायडर म्हणून नव्हे, तर टप गमावलेली कूपे म्हणूनच धरणे योग्य ठरते.