यादीबाहेरचे

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचे ऑगस्ट महिन्यातील सराव-सामने मी प्रथम पाहिले तेव्हा बुचकळ्यात पडलो. एकाच संघात एकाच क्रमांकाचा सदरा घातलेले दोन खेळाडू दिसत होते! पुढे उलगडा झाला. त्या महिन्यात प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात. काही क्रमांक जुन्या थोर खेळाडूंच्या सन्मानार्थ राखून ठेवलेले, काही खेळाडूच्या कामानुसार ठरलेले. त्यामुळे क्रमांक अपुरे पडतात. मग चढाईच्या बाजूचा एक आणि बचावाच्या बाजूचा एक, अशा दोघांत एक क्रमांक भागवला जातो. सप्टेंबर उजाडेपर्यंत त्यांपैकी एक बहुधा घरी गेलेला असेल, हे त्यात गृहीतच असते. या घरी जाणाऱ्यांविषयी मला लिहायचे आहे.

प्रथम थोडा खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचे, तो फेकायचा, झेलायचा, नाते रग्बीशी. नॅशनल फुटबॉल लीग ही त्याची प्रमुख संघटना. तिच्यात ३२ संघ आहेत. तेथे महाविद्यालयाचे मैदान हीच या व्यवसायाची पायरी. (आपल्या जिमखान्याकडे पाहून ही कल्पना थोडी चमत्कारिक वाटेल!) महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची वाटणी हे संघ दरवर्षी एका समारंभात करून घेतात. त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. पद्धत १९३६ पासूनची. आदल्या हंगामात जो सर्वांत मागे राहिला त्याची निवड पहिली, विजेत्याची शेवटची. आता सात फेऱ्या होतात. २०२४ साली त्यांत २५७ तरुण निवडले गेले.

शेवटचे नाव पुकारले की उरलेल्यांचे दूरध्वनी खणखणू लागतात. ज्यांचे नाव यादीत आले नाही अशांपैकी काहींना संघ शिबिरासाठी करारबद्ध करतात. यात एक गंमत आहे. सातव्या फेरीत निवडलेल्याला ज्या संघाने उचलले तेथेच जावे लागते. यादीबाहेरच्याला मात्र दोन-तीन संघांनी विचारले तर निवड करता येते. त्यामुळे चतुर खेळाडू संघाच्या नावलौकिकाकडे न पाहता आपल्या जागेवर तेथे माणसे कमी कोठे आहेत ते पाहतो.

कारण पुढचे गणित कठोर आहे. ऑगस्टअखेर ९० चे ५३ करावे लागतात. २०२३ पासून ही छाटणी एकाच मुदतीत होते. म्हणजे प्रत्येक संघातून ३७, आणि ३२ संघांतून ११८४ माणसे जवळजवळ एकदमच बाहेर!

तत्त्वतः मैदान सर्वांना सारखे. पण ज्याच्यावर पैसा ओतला आहे त्याला संघ सहजासहजी सोडत नाही. २०२४ साली पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या केलेब विल्यम्सचा करार ३ कोटी ९० लाख डॉलरहून अधिक रकमेचा आणि संपूर्ण हमीचा होता. अशा खेळाडूच्या दहा चुका खपतात. यादीबाहेरच्याची एकही महागात पडू शकते. सरावात त्याची पाळी शेवटी, तीही थोडी. सामन्यात तो उतरतो तो अखेरच्या सत्रात, प्रेक्षक उठून चालू लागल्यावर. ज्याला पाळीच कमी त्याचे गुण दिसायचे कधी, हा प्रश्न मला फार बोचला.

त्याला एक फट मात्र सापडते. चेंडू लाथेने दूर उडवला जातो तेव्हा तो घेऊन येणाऱ्याला अडवण्यासाठी एक निराळी तुकडी जीव तोडून धावते. दुखापतीच्या भयाने मोठ्या खेळाडूंना तेथे सहसा पाठवत नाहीत. झेलण्यात जो पाचवा आहे, पण या धावण्यात पहिला आहे, त्याला पुष्कळदा ५३ मध्ये जागा मिळते.

कर्ट वॉर्नरची कथा या विषयात सर्वजण सांगतात. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार. १९९४ साली कोणीच निवडला नाही म्हणून तो ग्रीन बेच्या शिबिरात गेला आणि तेथूनही काढला गेला. आयोवा राज्यातील सीडर फॉल्स येथे तो ताशी साडेपाच डॉलरवर किराणा दुकानात रात्री माल लावू लागला. मग बंदिस्त सभागृहातील फुटबॉल, मग अ‍ॅमस्टरडॅमचा संघ, मग सेंट लुईसची राखीव जागा. १९९९ च्या ऑगस्टमध्ये मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा दुखावला आणि वॉर्नर मैदानात आला. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला आणि सेंट लुईसने अजिंक्यपद मिळवले.

ही कथा ऐकून लोक ग्रीन बेला हसतात. मला ते पटत नाही. १९९४ साली तेथे वॉर्नरच्या पुढे ब्रेट फार्व्ह, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर असे तिघे होते. फार्व्ह तर पुढे १९९५ पासून सलग तीन वर्षे सर्वोत्तम खेळाडू ठरला. ग्रीन बेची निवड चुकली नव्हती. चौथ्याला जागा नव्हती, इतकेच. ‘जागा नाही’ आणि ‘पात्रता नाही’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण ज्याला काढले जाते त्याच्या कानावर दोन्हींचा निरोप एकाच शब्दांत येतो. आणि ग्रीनचा गुडघा शाबूत राहता तर? वॉर्नरमध्ये गुण तेवढेच असते. आपल्याला त्याचे नाव कदाचित ठाऊक नसते.

छाटणीच्या दिवशी निरोप आणणाऱ्या माणसाला खेळाडू ‘टर्क’ म्हणतात. प्रशिक्षकांनी बोलावले आहे, डावपेचांची वही बरोबर घ्या, असा तो निरोप. वहीच्या जागी आता टॅब्लेट आला आहे, पण अर्थ तोच. काढलेल्या नवख्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अन्य कोणताही संघ उचलू शकतो. कोणी उचलले नाही तर सरावापुरत्या राखीव तुकडीत घेण्याची शक्यता उरते. २०२४ साली ५३ मधील नवख्याला हंगामाचे किमान ७,९५,००० डॉलर होते, तर राखीव तुकडीत आठवड्याला १२,५००. आणि तेथून कोणत्याही आठवड्यात काढता येते.

तेथेही ज्याला जागा मिळत नाही तो घरी जाऊन एकट्याने धावत राहतो. हंगाम सुरू झाला की रविवारी कोणीतरी जायबंदी होतो. मंगळवारी संघाला सुट्टी असते, आणि बाहेरच्या माणसांना चाचणीसाठी बहुधा त्याच दिवशी बोलावतात. म्हणून सोमवारी रात्री तो दूरध्वनी उशाशी घेऊन झोपतो.