साऊंडवाल्याने गाणे कशावर वाजवावे?

सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावी साऊंड सर्व्हिसचा धंदा मुख्यतः लग्नसराई, शाळांची स्नेहसंमेलने आणि मार्गशीर्षात सुरू होणारी देवमामलेदारांची यात्रा यांवर चालतो. या व्यवसायातील आपले बांधव बेसच्या पेट्या व अ‍ॅम्प्लिफायर यांत कर्ज काढून पैसा घालतात. गाणे मात्र खिशातल्या रोजच्या मोबाईलवर वाजवतात. ऐन नाचाच्या मध्येच फोनची घंटा भोंग्यातून वाजली, तर ठरलेल्या पैशांतून कपात होते आणि पुढच्या वर्षीचे काम मालेगावच्या साऊंडवाल्याकडे जाते.

आमच्या मते आवाजाचा दर्जा हा येथे दुय्यम प्रश्न आहे. मैदानावरच्या भोंग्यातून सीडी आणि चांगली एमपी३ यांतला फरक कोणाला कळणार? बटण दाबताच गाणे सुरू व्हावे, संपताच थांबावे आणि मध्ये दुसरा आवाज येऊ नये, एवढेच पाहावे. जुनी कॅसेट या बाबतीत गुणी होती. जेथे थांबवली तेथेच ती उभी राही.

अ‍ॅम्प्लिफायरमध्येच बसवलेला पेन ड्राइव्हचा प्लेअर जेवणावळीच्या वेळी ठीक. पण एक गाणे संपले की तो स्वतःहून दुसरे लावतो. शिवाय अनेक स्वस्त प्लेअर गाणी नावाप्रमाणे न लावता ज्या क्रमाने भरली त्या क्रमाने लावतात. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नसेल तर काही प्लेअर तो वाचतच नाहीत. ब्लूटूथवर तर कार्यक्रम सोपवूच नये. मध्ये माणसांची गर्दी आली की आवाज तुटतो.

स्नेहसंमेलनाला लॅपटॉप बरा. सगळी गाणी डोळ्यांसमोर राहतात आणि वीज गेली तरी बॅटरीवर चालू राहतो. चार्जर लावताच भोंग्यातून घूं असा आवाज येऊ लागतो, ही त्याची खोड. त्यावर काही कारागीर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे जिवावर बेतणारे आहे. मंडपातल्या ओल्या जमिनीवर माईक धरणाऱ्या मुलाला शॉक बसू शकतो. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचा डी. आय. बॉक्स लावावा. घूं बहुधा जातो आणि स्टेजपासून मिक्सरपर्यंत लांब वायर टाकली तरी खरखर येत नाही.

वायरीबद्दल आणखी एक. मोबाईलच्या स्टीरिओ पिनेची डावी-उजवी बाजू माईकच्या एकाच एक्सएलआर इनपुटला जोडली, तर मिक्सर दोन्ही बाजू एकमेकींतून वजा करतो. मग वाद्ये ऐकू येतात आणि गायकाचा आवाज गायब होतो! कारागीर बिचारा गाणे खराब आहे असे समजून दुसरे लावत बसतो. डावी आणि उजवी बाजू दोन वेगळ्या चॅनलवर घ्यावी.

भांडवल कमी असेल तर एखादा जुना मोबाईल याच कामासाठी ठेवावा. त्यात सिम नको, एअरप्लेन मोड चालू ठेवावा आणि हेडफोनची जागा असलेलाच निवडावा. (आयफोनने ती जागा 2016 मध्ये काढली; नंतर इतर अनेक कंपन्यांनीही तेच केले.) लॅपटॉप असला तरी हा मोबाईल तीच गाणी भरून वेगळ्या चॅनलवर जोडून ठेवावा. लॅपटॉप अडला की इकडची पट्टी वर करायची.

इंटरनेटवरून गाणे लावण्याच्या भरवशावर राहू नये. गर्दीत नेट मिळेलच असे नाही. शिक्षकांकडून गाणी आदल्या दिवशी मागून घ्यावीत आणि कार्यक्रमाच्या क्रमाने 01, 02 असे आकडे नावापुढे घालावेत. नुसते 1, 2 लिहिले तर काही यंत्रे 1 नंतर थेट 10 नंबरचे गाणे दाखवतात आणि दुसरीच्या मुली स्टेजवर उभ्या असताना दहावीचे गाणे सुरू होते.