बंबाची वाट आणि 20 मिनिटांचे गणित

रुग्णवाहिकेस अथवा अग्निशामक बंबास शहरातून जलद नेणाऱ्या मार्गयोजनेचे एक मूळ 1956 साली ॲम्स्टरडॅममधील एका कॉफीगृहात सापडते, हे वाचून वाचकास किंचित नवल वाटेल. एड्सगर डायक्स्ट्रा हा डच गणितज्ञ खरेदीने थकून आपल्या वाग्दत्त वधूसह तेथे बसला असता, रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता, या प्रश्नाची उकल त्याने कागद-पेन्सिलीवाचून सुमारे 20 मिनिटांत केली, आणि 1959 साली ती प्रसिद्ध झाली.

आजचा संगणक बहुधा त्याच रीतीचा विस्तार करतो. भेद इतकाच, की तो रस्त्याची लांबी न मोजता तेथून पार होण्यास या घटकेला किती वेळ लागेल हे मोजतो, आणि पुढे मिरवणूक किंवा बंद फाटक असल्याची वर्दी मिळताच मांडलेला हिशेब मोडून नवा मांडतो. बंबासाठी पुलाखालची उंची नि गल्लीच्या वळणाची रुंदीही जमेस धरावी लागते; लांब शिडीची गाडी कोपऱ्यावर वळेनाच, तर जवळचा रस्ता काय कामाचा?

चौकातील दिव्यांचा बंदोबस्त निराळा. गाडीच्या टपावरून ठरावीक गतीने लुकलुकणारा अवरक्त प्रकाश खांबावरील यंत्राने टिपला, की तिच्या दिशेचा दिवा हिरवा होतो. अमेरिकेत ही तजवीज कित्येक दशकांची आहे.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 194-ई दाखल झाले असून, अशा वाहनास वाट न देणाऱ्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.