दोरापर्यंत पोचायचे कसे?

बोइंग ७४७-४०० या मालवाहू विमानाचे कॉकपिट वरच्या मजल्यावर असते, जमिनीपासून जवळजवळ तीन मजले उंच. त्याच्या खिडक्या उघडत नाहीत. म्हणून छतात एक झडप ठेवलेली असते आणि तिच्याजवळ मुठी लावलेली रिळे. प्रसंग आलाच तर झडप उघडून वर चढायचे, मूठ घट्ट धरायची आणि विमानाच्या कडेने अंग सोडून द्यायचे. रीळ आतली तार एका बेताने सोडत जाते, त्यामुळे माणूस आदळत नाही. इतर अनेक विमानांत हेच काम उघडणारी खिडकी आणि साधा दोर करतो. साधने चोख आहेत, पण ती सगळी विमान जमिनीवर येऊन थांबल्यावरची. मालवाहू विमानाचा खरा वैरी म्हणजे आग, आणि ती बहुधा हवेतच लागते. त्यामुळे वैमानिकाच्या सुटकेचे पहिले साधन दोर नव्हे. धावपट्टीला चाके टेकेपर्यंत त्याचा श्वास आणि नजर शाबूत ठेवते ते.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मध्ये लिथियम बॅटऱ्यांचा माल होता. उड्डाणानंतर वीसेक मिनिटांत आगीचा इशारा आला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत विमान कोसळले. मधल्या वेळात कॉकपिट धुराने इतके भरले की समोरची उपकरणे दिसेनात. कॅप्टनच्या मास्कमध्ये प्राणवायू येईना, तो उठून दुसरी सोय पाहायला गेला आणि परत खुर्चीवर आलाच नाही. सहवैमानिकाला रेडिओची वारंवारिताही बदलता येईना. त्याचे निरोप आसपासची विमाने पोचवत होती. विमान दुबईच्या धावपट्टीवर आले, पण फार उंचावरून, आणि पुढे निघून गेले. छतातली झडप शेवटपर्यंत कामी आली नाही. याउलट ५ सप्टेंबर १९९६ रोजी फेडेक्सचे जळते डीसी-१० न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गला उतरू शकले. आतल्या हवेचा दाब सोडायचा राहिल्याने दारे जागीच आवळून बसली, तरी पाचही जण कॉकपिटच्या खिडक्यांतून बाहेर पडले आणि वाचले. दोर उपयोगी पडतो तो असा, आधी उतरता आले तर.

या अर्ध्या तासासाठी उपाय नाहीत असे नाही. धुरात वापरायचे एक उपकरण म्हणजे घडी करून डब्यात ठेवलेली पारदर्शक पिशवी. डबा उघडला की बॅटरीवरचा पंखा हवा गाळून तिच्यात भरतो. फुगलेली पिशवी धूर बाजूला सारते. तिला मास्कची काच टेकवली की मोजकी उपकरणे आणि समोरची काच दिसू लागते. दुबईनंतर यूपीएसने नियमाची सक्ती नसताना हे उपकरण आणि पूर्ण चेहरा झाकणारे मास्क बसवले. दोन-चार माणसांसाठी एवढा खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. पण ते विमान पडले ते शहराच्या कडेला. वस्तीवर पडले असते तर हिशेब दोन माणसांचा राहिला नसता. पॅराशूट का देत नाहीत, हा प्रश्नही नेहमीचा. पण त्या वेगात दार उघडून उडी मारणे आणि शेकडो टन वजनाचे जळते विमान खालच्यांच्या डोक्यावर सोडून देणे, ही सुटका म्हणता येत नाही.

बॅटऱ्याच बंद करा, हा आक्षेप सर्वांत वजनदार. १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा माल प्रवासी विमानांतून न्यायला बंदी आहे. मालवाहू विमानांतून मात्र तो जातोच. अट एवढीच की त्या तीस टक्क्यांहून जास्त चार्ज केलेल्या नसाव्यात. म्हणजे प्रवाशांसाठी नाकारलेला धोका मालवाहू वैमानिकांच्या पाठीशी येऊन बसला. मुख्य मजल्यावरच्या मालाची आग विझवणारी यंत्रणाही सक्तीची नाही. तिथली हवा विरळ करून आग मंदावण्यावर भिस्त असते. लाकूड-कागदाला हे लागू पडते. बॅटरीत मात्र एक सेल तापला की शेजारचा पेटतो, आणि हवा विरळ केल्याने ती साखळी तुटत नाही. हा माल न्यायचाच असेल, तर आग रोखणारे कंटेनर आणि धुरात दिसण्याची सोय सक्तीची करून त्यांचा खर्च भाड्यात धरला पाहिजे.