गाजर गवताची सर्दी आणि घरचा काढा

भाद्रपद सरत आला की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार सुरू होते. "डॉक्टर, सकाळी उठलं की पंधरा-वीस शिंका. नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. अंगात ताप मात्र नाही." दरवर्षी त्याच महिन्यात येणारी, पातळ पाण्याची, बिनतापाची ही सर्दी साधे पडसे नसून बहुधा अ‍ॅलर्जी असते.

आपल्या भागात तिच्यामागे पुष्कळदा गाजर गवत असते. अमेरिका खंडातले हे तण पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास आढळले आणि पुढे बांध, पडीक जमीन, रस्त्यांच्या कडा सगळीकडे पसरले. एका झाडाला हजारो बिया येतात. पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचे पराग वाऱ्याने नाकात जातात, तर पाल्याच्या स्पर्शाने कातडीला खाज व पुरळ उठते.

अशा वेळी घरोघरी अडुळसा, तुळस, हळद-दूध यांची आठवण होते. त्यात हसण्यासारखे काही नाही. खोकल्याच्या बाटलीतले ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातील द्रव्यावरूनच तयार झाले. अडुळशाने कफ पातळ होतो. तुळस-गवती चहाच्या गरम काढ्याने घशाला आराम पडतो. पण एवढेच. अ‍ॅलर्जी मुळातून जात नाही आणि दम्याचा झटका तर काढ्याने मुळीच थांबत नाही.

वनस्पतीचे औषध म्हणजे निर्धोक, हाही गैरसमज आहे. गरोदर स्त्रीने अडुळसा घेऊ नये. ज्येष्ठमध रोज चघळल्यास रक्तदाब वाढतो. धोतऱ्याच्या पानांचा धूर घेण्याची जुनी चाल जिवावर बेतू शकते. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नका.

याहून मोठा धोका बाजारातल्या पुडीचा. मागे एक मावशी आल्या. दम्यावर "जडीबुटीची" पुडी त्या दोन वर्षे घेत होत्या. "एका दिवसात गुण येतो," म्हणाल्या. चेहरा चंद्रासारखा सुजलेला, रक्तदाब वाढलेला, साखर तीनशेच्या वर. पुडीवर ना नाव, ना घटक. लक्षणे स्टिरॉइडची होती. अशा पुड्यांत ते मिसळलेले सापडते. पाल्याच्या चूर्णाने एका दिवसात दमा थांबला, तर आनंद मानण्याआधी शंका घ्या. मात्र बरेच दिवस घेतलेली पुडी एकदम बंद करू नका, त्यानेही जीव धोक्यात येतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे या.

मग करावे काय? निंदायला जाताना नाका-तोंडाला रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. घरी आल्यावर अंघोळ, कपडे बदलणे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुतल्याने पराग निघून जातात. गाजर गवत फुलण्यापूर्वी, पाऊस होऊन जमीन ओली असताना हातमोजे घालून मुळासकट उपटा. ज्यांना त्रास आहे त्यांनी मात्र या कामापासून दूर राहावे. शेवंती, सूर्यफूल, तसेच औषधी माका आणि अक्कलकारा ही त्याच कुळातली, म्हणून अशा रुग्णांनी तीही जपून वापरावीत.

एवढ्याने भागले नाही तर सेटिरिझिनसारखी गोळी किंवा नाकातला फवारा डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यावा. पंपाची "सवय लागते" ही भीती खोटी आहे. त्यातले औषध अल्प प्रमाणात थेट फुप्फुसात जाते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या दमेकऱ्यांनी पुरेसे पंप आणि चिठ्ठी बरोबर घ्यावी. फडात रात्री दम लागला तर दवाखाना जवळ नसतो.

छातीत घरघर, बोलताना धाप, ओठ निळसर दिसू लागले, तर चुलीवरचा काढा तसाच राहू द्या. पंप असेल तर तो देत देत, मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा.