गुणोत्तर तेच, माप वेगळं: इमेजजेमध्ये ठरावीक गुणोत्तराचं सिलेक्शन स्क्रिप्टने घेताना

मायक्रोस्कोपीवरच्या कुठल्याही पेपरमधली एखादी फिगर काढून बघा. एका ओळीत चार चौकटी असतात: डावीकडे कंट्रोल, पुढे तीन ट्रीटमेंट. चारही चौकटी एकाच आकाराच्या, नीट ओळीत बसवलेल्या. वाचणारा काय करतो? नजर एका चौकटीवरून दुसरीवर नेतो आणि पेशी फुगल्या की आक्रसल्या, हे मनातल्या मनात ठरवून टाकतो. स्केल बारकडे लक्ष जातं ते नंतर, आणि कधीकधी जातही नाही.

म्हणजे क्रॉप करणं हे नुसतं सजावटीचं काम नाही. तुम्ही कुठली चौकट कापता, यावर वाचणाऱ्याचा निष्कर्ष ठरू शकतो. हे काम हाताने न करता स्क्रिप्टवर का सोपवावं, आणि स्क्रिप्ट लिहिताना कुठे घसरायला होतं, ते या लेखात बघू. उदाहरणं इमेजजेची घेतो, कारण जीवशास्त्राच्या बहुतेक लॅबमध्ये तेच असतं, किंवा त्याचाच प्लगिन भरलेला अवतार, म्हणजे फिजी. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये वेन रासबँड यांनी ते बनवलं आणि ते फुकट मिळतं. तर्क मात्र गिंप किंवा फोटोशॉपलाही तसाच लागू पडतो.

नुसतं गुणोत्तर लॉक केलं तर

फोटोशॉपच्या मार्की टूलमध्ये ‘फिक्स्ड रेशो’ हा पर्याय असतो. गिंपच्या आयताकृती सिलेक्शनलाही तशी सोय आहे. इमेजजेमध्ये आयताचा कोपरा ओढताना शिफ्ट दाबून ठेवलं तर चौरस मिळतो, आणि ऑल्ट दाबलं तर आधीचं गुणोत्तर टिकतं. बरेच जण इथेच थांबतात. ४:३ लॉक केलं, सगळ्या चौकटी सारख्या दिसतात, मग अडचण काय?

थोडं गणित करून बघू. कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलची बाजू ६.५ मायक्रॉन आणि ऑब्जेक्टिव्ह ४० एक्स असेल, तर चित्रातला एक पिक्सेल म्हणजे नमुन्यावरचे ६.५ भागिले ४०, म्हणजे ०.१६२५ मायक्रॉन. कंट्रोलवर तुम्ही ४०० × ३०० पिक्सेलचं सिलेक्शन घेतलं. ट्रीटमेंटच्या चित्रात एक सुंदर पेशी दिसली म्हणून तिच्याभोवती जरा घट्ट, ३२० × २४० चं घेतलं. दोन्ही बरोबर ४:३ आहेत. पण पहिल्यात ६५ मायक्रॉन रुंदीचा भाग आला आणि दुसऱ्यात ५२ मायक्रॉनचा. फिगरमध्ये दोन्ही चौकटी ४५ मिमी रुंद केल्या की दुसऱ्या चौकटीतली पेशी १.२५ पट मोठी दिसणार. क्षेत्रफळात बघायला गेलं तर दीड पटीहून जास्त.

नमुन्यात काहीही बदललेलं नसताना फिगर सांगते की ट्रीटमेंटने पेशी फुगल्या. यात कुणाचा फसवायचा हेतू नसतो, पण वाचणारा फसतो.

स्क्रिप्टला गुणोत्तर कळत नाही

मॅक्रो लिहायला बसलात की एक गोष्ट पटकन लक्षात येते. ‘४:३ चा आयत काढ’ अशी आज्ञा इमेजजेच्या मॅक्रो भाषेत नाही. आयत काढायची आज्ञा चार आकडे मागते: डाव्या-वरच्या कोपऱ्याचे क्ष आणि य, रुंदी, उंची. उगम डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतो आणि य खाली जाताना वाढतो, हे विसरायचं नाही. शाळेतल्या आलेख कागदाच्या सवयीने इथे हमखास गडबड होते. गिंपच्या स्क्रिप्टमध्येही आयतासाठी असेच चार आकडे द्यावे लागतात.

आज्ञेचं नेमकं स्पेलिंग पाठ करायची गरज नाही. प्लगिन्स, मॅक्रोज, रेकॉर्ड असं जाऊन रेकॉर्डर उघडा आणि माउसने एक आयत काढा. ती आज्ञा आकड्यांसकट रेकॉर्डरमध्ये उमटते. ती उचलायची आणि आकड्यांच्या जागी स्वतःचे व्हेरिएबल घालायचे.

गुणोत्तर सांभाळायची जबाबदारी तुमच्या गणितावर येते, आणि हे एका परीने चांगलंच आहे. माउसने ओढताना जो निर्णय नकळत होतो, तो इथे लिहून काढावा लागतो.

पिक्सेल अर्धा होत नाही

समजा १००० × १००० च्या चित्रातून मोठ्यात मोठा १६:९ आयत हवा आहे. रुंदी १००० धरली तर उंची येते ५६२.५. अर्धा पिक्सेल कापता येत नाही, म्हणून आकडा कुठेतरी गोल करावा लागतो आणि गुणोत्तर किंचित सरकतं. मोठ्या आयतात ते जाणवत नाही. पण लहान क्रॉप चौकटीत बसवताना कडेला एक पांढरी रेघ राहते, किंवा चित्र थोडं ताणलं जातं.

यावर सोपा उपाय आहे. रुंदी आणि उंची वेगवेगळ्या काढूच नका. एक पूर्णांक ‘क’ ठरवा. रुंदी = १६ × क, उंची = ९ × क. चित्रात मावणारा सगळ्यात मोठा क म्हणजे रुंदी भागिले १६ आणि उंची भागिले ९ या दोन उत्तरांचे अपूर्णांक टाकून देऊन त्यातला लहान आकडा. इथे ६२ आणि १११ मिळतात, म्हणून क = ६२ आणि आयत ९९२ × ५५८. आठ पिक्सेल गेले, पण गुणोत्तर तंतोतंत १६:९ राहिलं.

सुरुवात मायक्रॉनपासून करा

आता मुख्य मुद्दा. क ची किंमत चित्राच्या आकारावरून ठरवायची नाही आणि डोळ्याला बरं दिसतं त्यावरूनही नाही. नमुन्यावरचं किती अंतर दाखवायचं, ते आधी ठरवा.

समजा प्रत्येक चौकटीत ६० × ४५ मायक्रॉनचा भाग हवा आहे. हे ४:३ च झालं. क म्हणजे ६० भागिले (४ × एका पिक्सेलचे मायक्रॉन), जवळच्या पूर्णांकापर्यंत. ४० एक्सला ०.१६२५ घालून उत्तर येतं ९२.३, म्हणजे क = ९२ आणि आयत ३६८ × २७६ पिक्सेल. नमुन्यावर तो ५९.८ × ४४.८५ मायक्रॉन भरतो. एखादा सेट २० एक्सवर घेतलेला असेल तर पिक्सेल ०.३२५ मायक्रॉनचा, क = ४६, आयत १८४ × १३८. नमुन्यावर पुन्हा ५९.८ × ४४.८५ च. पिक्सेल निम्मे झाले म्हणून तपशील कमी दिसेल, पण पेशीचा आकार चौकटीत खराच दिसेल.

यासाठी मॅक्रोने पिक्सेलचं माप चित्रालाच विचारायला हवं. इमेजजेमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. इथे एक तपासणी नक्की घाला: एकक म्हणून ‘पिक्सेल’ हेच उत्तर आलं, तर चित्राला कॅलिब्रेशन नाही. मॅक्रोने तिथेच थांबावं. मायक्रोस्कोपच्या सॉफ्टवेअरमधून जेपेग करून आणलेल्या चित्रांचं बहुतेकदा असंच होतं. शक्यतो मूळ फाइल उघडा. कॅमेऱ्यावर २ × २ बिनिंग लावलं असेल तर पिक्सेलची बाजू दुप्पट झालेली असते, तेही पडताळून घ्या.

पेशी कडेला असेल तर

साधारणपणे आपण पेशीच्या मध्यावर क्लिक करतो आणि मॅक्रो त्या बिंदूभोवती आयत काढतो. डावी कड म्हणजे बिंदूचा क्ष वजा निम्मी रुंदी. पेशी चित्राच्या काठाजवळ असेल तर हा आकडा शून्याखाली जातो. आयताचा थोडा भाग बाहेर लटकतो, आणि क्रॉप केल्यावर फक्त आतला भाग उरतो. म्हणजे एवढी काळजी घेऊनही गुणोत्तर आणि माप दोन्ही हातचं जातं.

यावर मार्ग दोन. एक, आयत आत सरकवायचा: क्ष शून्यापेक्षा कमी असेल तर शून्य करायचा, आणि चित्राची रुंदी वजा आयताची रुंदी यापेक्षा जास्त असेल तर तिथे अडवायचा. य साठीही तसंच. पेशी मधोमध राहत नाही, पण माप टिकतं. दोन, ती पेशी सोडून द्यायची. फिगरसाठी पहिला मार्ग चालतो. कापलेल्या तुकड्यांवरून काही मोजणार असाल तर दुसरा बरा. मात्र हा नियम सगळ्या गटांना सारखाच लावायचा, आणि तो मोजणी सुरू करायच्या आधी ठरलेला हवा.

नोंद ठेवा, कारण प्रश्न येणार

‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ मध्ये स्वीकारलेल्या पेपरमधल्या चित्रांची तपासणी सुरू केली. चित्रांमध्ये काय करणं चालतं आणि काय नाही, यावर माइक रॉसनर आणि केनेथ यामाडा यांचा लेखही २००४ मध्ये तिथेच आला. आज मूळ चित्रं मागणारी जर्नल्स बरीच आहेत. ‘ही चौकट मूळ चित्रात नेमकी कुठली?’ असा प्रश्न आला तर हाताने क्रॉप करणाऱ्याला डोळे ताणून ती जागा शोधत बसावं लागतं.

मॅक्रोच्या शेवटी एक ओळ घाला: फाइलचं नाव, क्ष, य, रुंदी, उंची, पिक्सेलचं माप, सगळं लॉग विंडोत छापून घ्या आणि ती सेव्ह करा. आयत आरओआय मॅनेजरमध्ये टाकून मूळ चित्राशेजारी ठेवलेत तर आणखी चांगलं. मूळ फाइलवर थेट क्रॉप करू नका; सिलेक्शनची डुप्लिकेट काढून काम तिच्यावर करा.

एक गोष्ट मात्र स्क्रिप्ट करून देत नाही. कुठल्या पेशीवर क्लिक करायचं, हे तुम्हीच ठरवता, आणि ‘सुंदर’ पेशी शोधायची खोड माप बरोबर आलं म्हणून सुटत नाही. शक्य असेल तिथे केंद्रबिंदू मॅक्रोलाच यादृच्छिकपणे निवडू द्या आणि बीज आकडा नोंदवून ठेवा, म्हणजे तीच निवड पुन्हा करून दाखवता येते. ते जमण्यासारखं नसेल तर फाइलची नावं झाकून, कुठला गट आहे हे माहीत नसताना निवड करा.

सुरुवातीला एवढं करून बघा: तुमच्याकडे तयार असलेल्या एखाद्या फिगरच्या प्रत्येक चौकटीची रुंदी मायक्रॉनमध्ये काढा आणि शेजारी शेजारी लिहा. सगळे आकडे सारखे निघाले तर उत्तम. नाही निघाले, तर गाइडकडे जाण्याआधी मॅक्रो लिहायला घ्या. पंधरा-वीस ओळींचं काम आहे.